पाळण्याच्या जागी बाक

१८ ऑगस्ट, रविवार

आज ठरवलं. मधल्या खोलीत खिडकीपाशी वाचायला बसायची जागा करायची. चर्चमध्ये मिस्सा ऐकून परत येताना ग्लेनला स्कूटरवर मागे बसून सांगितलं, म्हणजे त्याला माझं तोंड बघता येणार नाही. तो म्हणाला, "कर की." वाडीचं फाटक उघडायला उतरला तेव्हा हळूच म्हणाला, "त्याच कोपऱ्यात?"

त्याच कोपऱ्यात. दुसरा आहे कुठे? पुढच्या खोलीत टीव्ही, आमच्या खोलीत कपाटं, स्वयंपाकघरात मम्मीचं राज्य.

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. गेल्या वर्षी त्या कोपऱ्यात पाळणा ठेवला होता. ग्लेनचाच, माळ्यावरून काढून पॉलिश केलेला. पाचव्या महिन्यात बाळ गेलं. मी हॉस्पिटलातून आले तेव्हा पाळणा परत माळ्यावर गेला होता आणि फरशीवर त्याच्या पायांचे डाग राहिले होते. डॉक्टर म्हणाले, परत बघू. मी म्हटलं, नको. आता माझ्याने होणार नाही. ग्लेनने एकदाही हट्ट केला नाही. पण मम्मीने, म्हणजे माझ्या सासूने, तेव्हापासून त्या कोपऱ्यात साधा पाटसुद्धा कुणाला ठेवू दिलेला नाही. रोज झाडते, रोज पुसते, मोकळा ठेवते. कुणासाठी ठेवते ते मला कळतं. तोंडाने बोलत नाही एवढंच.

मला ती वाट बघणारी जागा आता बघवत नाही. तिथे मला माझी जागा पाहिजे.

२० ऑगस्ट

खिडकीतून बावखल दिसतं, वाडीतलं जुनं तळं. सध्या पाणी काठोकाठ आहे, त्यावर केळीची सावली पडते. संध्याकाळी ऊन पाण्यावरून उडून खोलीच्या छतावर येतं आणि तिथे हलत राहतं. सातिवलीला ऑफिसात दिवसभर बिलं आणि चलनं टाईप करताना मला आज तेच दिसत होतं. साहेबांनी दोनदा हाक मारली म्हणे.

लहानपणी पाचूबंदरला आमच्या घरात कोपरा नावाची गोष्टच नव्हती. जिथे बघाल तिथे जाळी. वाचायचं असलं की मी पप्पांच्या होडीत जाऊन बसायची. ओहोटी लागली की होडी चिखलात एका अंगाला कलायची, आणि मी त्या कलत्या फळीवर पाठ टेकून वाचायची. भरती आली की बुडाखाली पाणी यायचं, होडी अंगाखालून वर उचलली जायची, आणि गोष्टीतलं घर पण आपल्याबरोबर हललं असं वाटायचं. तसं परत कधी झालं नाही. मला तेच पाहिजे आहे बहुतेक. ग्लेनला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग होडीच आणू.

२५ ऑगस्ट, रविवार

बाक सापडला. परसात नारळाच्या झावळ्यांखाली चर्चचा जुना बाक पडला होता. चर्चमध्ये नवे बाक आले तेव्हा जुने पॅरिशच्या लोकांना वाटून दिले, त्यातला एक ग्लेनच्या पप्पांनी आणलेला. ते गेल्यावर कोणी त्याच्याकडे बघितलंच नाही. खाली गुडघे टेकायची फळी अजून शाबूत आहे. मी म्हटलं, त्या फळीवर पाय ठेवून वाचता येईल.

मम्मी दारात उभी राहून ऐकत होती. "गुडघे टेकायच्या फळीवर पाय?"

"पाय धुऊन ठेवीन, मम्मी."

"आणि देवाच्या बाकावर बसून वाचणार काय? गोष्टीची पुस्तकं?"

"मग काय पासबुक वाचू?"

ग्लेन हसला. मम्मी नाही हसली. आळीत तिला सगळे मॅगीबाय म्हणतात, आणि मॅगीबाय हसली नाही की आळीत कोणी हसत नाही. आत जाता जाता एवढंच म्हणाली, "जागा भरून टाकायची घाई झालीय तुला." मला ते फार लागलं. वर्ष उलटून गेलं, मम्मी. याला घाई म्हणतात?

१ सप्टेंबर, रविवार

प्रितेश सुताराने बाक अर्ध्यात कापून बसवून दिला. घासताना आतून लाकूड मधासारखं निघालं. जाताना त्याने विचारलं, "वहिनी, इथे आल्तार करताय का?" म्हटलं, नाही हो, आल्तार समोरच्या भिंतीवर आहे की. खरं तर त्या भिंतीकडे मी हल्ली नीट बघत नाही. आल्ताराच्या, म्हणजे आमच्या देवघराच्या वर मम्मीच्या माहेरचं जुनं चित्र आहे, देवदूत मारियेला निरोप सांगतो ते. मेणबत्त्यांच्या धुराने एवढं काळवंडलंय की देवदूताचा पंख आणि मारियेचा चेहरा तेवढा ओळखू येतो. तुला बाळ होणार, असं सांगायला आलेला देवदूत रोज समोर कोण बघणार?

कापल्यामुळे बाक एका पायावर डुगडुगतो. प्रितेश पाचर मारतो म्हणाला. मी नको म्हटलं. बसलं की जरासा कलतो, मग परत सरळ होतो. मला तो असाच हवाय.

माझ्या निळ्या साडीचा पडदा केला. त्याला लागून पिवळ्या दिव्यांची माळ, दोन उशा, खाली चटई. पहिल्यांदा बसले तेव्हा छतावरचं ऊन हलत होतं. पुस्तक उघडून मांडीवर ठेवलं आणि तशीच बसून राहिले. पान उलटलंच नाही. इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

१० सप्टेंबर

चार पानं वाचली आणि झोपले. उशीवर गालाचा छाप.

कादंबरी छान आहे. डोंगरातल्या एका गावात एक विधवा खानावळ चालवते, आणि एक दिवस एक परकी मुलगी भिजत दारात येऊन उभी राहते. ती कोण ते अजून कळलं नाही. मी कुठे वाचते पटापट. वाचता वाचता नजर पाण्यावर जाते, खंड्या फांदीवरून सूर मारतो, आणि मग मी खानावळीत असते की होडीत की इथे, काही धड सांगता येत नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

ग्लेनचा बोका बाकावर बसतो. आज पक्कं झालं. सकाळी मी उशा फुगवून उभ्या करून गेले होते. आले तर एक उशी चेपलेली, आणि चांगली चेपलेली. बोका लठ्ठच आहे मेला. उशीला बामाचा वास पण येतो. मम्मी गुडघ्याला बाम चोळत असते आणि हा तिच्या पायांत घोटाळतो, तिथूनच लागला असणार. पुस्तकातली खूणसुद्धा पुढे सरकवून ठेवली होती. ग्लेनला म्हटलं, तुझा बोका माझ्या पुढे वाचतोय. तो म्हणाला, "हुशार आहे, मम्मीवर गेलाय."

मम्मी मासे कापत होती. मान वर केली नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

मम्मीचं माझ्याशी बोलणं अजून कामापुरतंच. आज बोंबील साफ करताना मात्र एकदम म्हणाली, "त्या बाईने त्या पोरीला हाकलायला नको होतं. एवढ्या पावसात कुठे जाणार ती?"

मी म्हटलं, "कोण पोरगी?"

"काही नाही." आणि नळ सोडला.

दुपारच्या मालिका फार मनाला लावून घेते. मी म्हटलं, टीव्ही कमी बघ. ती काही तरी पुटपुटली, घरच्या बोलीत, मला नीट कळलं नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

भांडी अजून घासायची आहेत. तरी लिहिते.

ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा महिना. आमच्या आळीत मारियामातेची मूर्ती रोज एका घरी जाते. संध्याकाळी सगळे जमतात, रोझरीची माळ म्हणतात, रात्रभर मूर्ती त्या घरात राहते, दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी. आज आमचा दिवस होता. मला ऑफिसातून निघायलाच उशीर झाला. आले तर अंगणभर चपला आणि आत माळ सुरू झालेली. चपला काढून दारात उभी राहिले आणि बघितलं. माता माझ्या बाकावर बसली होती.

ग्लेनने नंतर सांगितलं ते असं. यंदा मूर्तीला काचेची नवी पेटी केलीय. ती आल्तारावर ठेवायला गेले तर वरच्या चित्राला अडते. वॉल्टर अंकल म्हणाले, चित्र काढा. आळीतली रोझरी तेच चालवतात, त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. मम्मी म्हणाली, माझ्या आईचं चित्र मी भिंतीवरून हलवणार नाही. तेवढ्यात वॉल्टर अंकलची नजर कोपऱ्याकडे गेली. निळा पडदा, दिव्यांची माळ, चर्चचा बाक, पुढे गुडघे टेकायची फळी. ते म्हणाले, "अरे, तुम्ही तर सगळी तयारी करून ठेवलीय." उशा उचलल्या आणि मातेला बसवलं. आता या माणसांना काय बोलणार? मातेचा रंग निळा, माझी साडी निळी. मी तरी दुसरं काय समजले असते?

पेटी डुगडुगत होती म्हणून तिच्या खाली माझी कादंबरी घातली होती.

ते सगळं मी सोसलं असतं. पण शेवटी मध्यस्थीच्या प्रार्थना सुरू झाल्या, तेव्हा शेजारच्या जेसिका आंटी माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "या घरात लवकर पाळणा हलू दे, म्हणून आपण प्रार्थना करू या." आणि सगळी आळी एका सुरात म्हणाली, प्रभो, आमची प्रार्थना ऐक. मी पण म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं. मग सगळ्या बायका जवळ आल्या, कोणी डोक्यावरून हात फिरवला, कोणी म्हणालं, शहाणी गो, पाळण्याच्या जागी मातेला बसवलंस, आता ती देणारच. मी चणे वाटत फिरले. हसत फिरले. माझं पोट म्हणजे आळीची सामायिक विहीर झाली होती आज.

मम्मी कुठे होती बघितलं नाही. तिला तर आनंदच झाला असणार.

१० ऑक्टोबर

मूर्ती पुढच्या घरी गेली. मी कादंबरी पुसून बाकावर ठेवली, उशा लावल्या आणि बसायला वाकले, तर मागून जेसिका आंटी. "अगो, तिथे बसतेस काय? माता बसली होती तिथे." त्यांनी आणलेली मेणबत्ती फळीवर लावली आणि गेल्या.

मी मम्मीकडे बघितलं. तिने फळीवर सांडलेलं मेण नखाने खरवडलं. मग म्हणाली, "नको बसू. उगीच लोक बोलतील." तोंड मात्र तिचंच उतरलं होतं. रात्रीचं जागरण झालं असेल.

१३ ऑक्टोबर, रविवार

बाक गेला. मेणबत्त्या, चाफ्याची फुलं, कुणी तरी आणलेली गुलाबी मण्यांची माळ. उशा मी आमच्या खोलीत नेल्या. मिस्साहून येताना दोन बायका मुद्दाम आत येऊन फळीवर गुडघे टेकून गेल्या, त्यातली एक ओळखीची पण नव्हती. ग्लेन म्हणाला, मी सगळ्यांना सांगतो, बंद करा म्हणून. काय सांगणार? मातेला उठवा, माझ्या बायकोला बसायचंय?

आधी तो कोपरा बाळाचा होता. आता मातेचा आहे. माझ्या वाट्याला या घरात कपाटासमोरचा पलंग. खूप रडले आज. बाळासाठी की बाकासाठी, मलाच कळलं नाही. दोन्ही एकच झालंय.

बोका मात्र खुशाल बाकावर मेणबत्त्यांशेजारी झोपतो. त्याला कोणी काही म्हणत नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पलंगावर वाचायला बसले, दोन ओळींत पुस्तक मिटलं. इथे छतावर ऊन येत नाही.

मम्मीला काही तरी झालंय. दुपारभर घरात येरझाऱ्या घालते म्हणे, ग्लेन सांगत होता. मालिका पण बघत नाही. आज आमच्या खोलीत आली, उशाशी कादंबरी पडली होती ती उचलली, उलटीसुलटी केली, परत ठेवली. मी म्हटलं, "काय पाहिजे, मम्मी?" तर म्हणाली, "धूळ बसलीय." पदराने पुसून गेली. धूळ नव्हती.

संध्याकाळी आल्तारापुढे खुर्चीवर बसून त्या काळ्या चित्राकडे डोळे बारीक करून बघत होती. किती तरी वेळ. मला वाटलं, माझ्यासाठीच काही मागत असेल. तिच्याकडे जावंसं वाटलं आणि गेले नाही.

२३ ऑक्टोबर

मम्मीने चित्र भिंतीवरून उतरवलं. जे वॉल्टर अंकलना करू दिलं नाही ते स्वतः केलं. काच काढली आणि कापसाने हळूहळू पुसत बसली. मी विचारलं, मदत करू? म्हणाली, नको, तू ऑफिसला जा. संध्याकाळी चित्र भिंतीवर नव्हतं. कुठे गेलं विचारलं तर, "फादरांकडे नेलं होतं." आता कुठे आहे? "आहे." हिचं काय चाललंय देवाला माहीत.

२६ ऑक्टोबर, शनिवार

अर्धा दिवस होता. दोनच्या सुमारास घरी आले. फाटकाशीच स्कूटर बंद केली, कारण वाडीत एवढं शांत होतं की आवाज करवेना. बावखलावर पातळ ऊन, पानवेलीत कुठे तरी दयाळ पक्षी शिट्टी घालत होता. मागच्या दाराने आत शिरले.

बाकावर मम्मी बसली होती. चष्मा नाकावर, पाय फळीवर, एका पायाच्या गुडघ्याला नुकताच बाम चोळलेला. मेणबत्त्या आणि फुलं उचलून आल्तारावर ठेवली होती. उशा परत जागेवर आल्या होत्या. बाक कलला होता आणि छतावरचं ऊन तिच्या पांढऱ्या केसांवर उतरलं होतं. मांडीवर माझी कादंबरी उघडी. मी येऊन उभी आहे हे तिला कळलंच नाही, इतकी ती त्या खानावळीत होती.

उशी, बाम, खूण, पावसात हाकललेली पोरगी. सगळं एकदम ध्यानात आलं. मी म्हणजे अगदीच ही आहे.

"मम्मी," मी म्हटलं.

ती दचकली नाही. पानावर बोट ठेवून चष्म्याच्या वरून बघितलं. "ये. आधी मी बसले. काही शाप-बिप लागायचा असेल तर मला लागू दे, माझं आता काय राहिलंय."

"तू बोक्याच्या नावावर रोज वाचत होतीस?"

"मी कधी बोक्याचं नाव घेतलं? तूच घेत होतीस." मग शेजारी टेकवून ठेवलेलं चित्र उचलून माझ्यापुढे धरलं. "हे बघ आधी."

धूर निघून गेल्यावर चित्राला रंग आले होते. देवदूताचा हात वर, खिडकीतून ऊन आलेलं, आणि मारिया एका बाकावर बसलेली. तिच्या मांडीवर उघडं पुस्तक होतं. बोट पानावर.

"लग्न होऊन आले तेव्हापासून ह्याच्याखाली माळ म्हणते," मम्मी म्हणाली, "आणि मला दिसलं नाही. देवदूत आला तेव्हा ती काय करत होती? भांडी घासत नव्हती. वाचत होती. फादरांना विचारून आले. ते म्हणाले, हो मॅगीबाय, जुन्या चित्रांत असंच काढतात. मग म्हटलं, तिला चालतं तर जेसिकाला का चालत नाही?"

मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. उभ्या उभ्याच. म्हटलं, "मला वाटलं तुला हा कोपरा पाळण्यासाठी मोकळा पाहिजे. म्हणून तू काही ठेवू देत नव्हतीस."

मम्मीने चष्मा काढला. "पाळण्यासाठी? अगो, तू हॉस्पिटलातून आलीस तेव्हापासून रोज तिथे येऊन उभी राहायचीस. फरशीकडे बघत. भात लावलेला असला तरी उभीच. तुला कळत पण नसेल. मी म्हटलं, पोरीला उभं राहायला एवढी तरी जागा पाहिजे. म्हणून कुणाला पाट ठेवू दिला नाही. तू बाक आणलास तेव्हा मला धडकी भरली, आता ही कुठे उभी राहणार."

मी तिथे उभी राहत होते? मला आठवत नाही. आज खाली बघितलं तर पाय नेमके चटईच्या कडेला होते, फरशीवरच्या डागांपाशी.

"आता किती उभी राहशील," मम्मी म्हणाली. "बस."

ती सरकली. मी बसले. दोघींच्या वजनाने बाक माझ्या अंगाला कलला आणि मग तिच्या, आणि मग स्थिर झाला. तिच्या खांद्याला बामाचा वास येत होता. बाळाबद्दल आम्ही दोघी पहिल्यांदाच बोललो. तिने पण त्याला एक नाव ठेवलं होतं, मनातल्या मनात. मला सांगितलं. इथे लिहीत नाही.

तेवढ्यात जेसिका आंटी मेणबत्ती घेऊन दारात आल्या आणि आम्हाला तिथे बघून त्यांनी क्रुसाची खूण करायला हात कपाळाशी नेला. मम्मीने जागेवरून न हलता सांगितलं, "मेणबत्ती आल्तारावर लाव, जेसिका. इथे वाचन चाललंय." त्यांनी गुपचूप आल्तारावर लावली. मॅगीबायला कोण बोलणार?

त्या गेल्यावर मम्मीने पुस्तक माझ्या मांडीवर सरकवलं. "तू वाच. बारीक अक्षराने माझे डोळे दुखतात. ती पोरगी परत आलीय, आणि बाई दार उघडते की नाही तिथे आहे."

माझी खूण किती तरी मागे होती. मधलं मला काहीच माहीत नव्हतं. पण मी मागे गेले नाही. तिचं बोट होतं त्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले.